गुत्त्याच्या बाया

इंद्रभाननं आपली लेक निकिता कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीतून उतरवून जिल्हा परिषदेच्या शाळेत आणून बसवली, तेव्हाच गावानं ओळखलं की यंदा ह्याला शाळा समितीचं अध्यक्ष व्हायचंय. अध्यक्ष व्हायचं तर पालक असावं लागतं, आणि पालक असायचं तर पोर त्या शाळेत असावं लागतं. एरवी हाच माणूस पारावर बसून सांगायचा की सरकारी शाळेत पोट्टं घालणं म्हणजे बकरू चरायला सोडणं. आता त्याची निकिता गळ्यात टाय बांधून खिचडीच्या रांगेत बसायची. टाय खिचडीत बुडायचा आणि पोरं खिदळायची. निवड झाली की ही परत पिवळ्या गाडीत चढणार, हे पहिलीतल्या पोरालाही कळत होतं.

शाळेच्या प्रेमानं कोणी एवढं करत नाही. शाळेला लागून इंद्रभानचं वावर आहे. त्या वावराच्या मागं नाला, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या उभ्या तुरी, आणि पुढं शाळेचं मैदान. आत जायला वाट एकच, मैदानातून. कागदावर ती वाट नाही. त्याच्या बापाची बैलगाडी जायची, मग त्याचा ट्रॅक्टर जायला लागला, आणि एका पावसाळ्यात भरल्या ट्रॉलीच्या चाकाखाली टाकीवरून संडासाकडे जाणारा पाईप फुटला. ग्रामपंचायतीनं नवे पाईप आणून टाकले, ते शाळेच्या व्हरांड्यात तसेच पडून होते. पाईप टाकायचा तर वाटेत नाली खोदावी लागते, आणि इंद्रभान कुदळ लावू देत नव्हता.

"आज पाईप टाकसान, उद्या भिंत बांधसान," तो म्हणायचा. "मंग म्या काय हेलिकॉप्टरनं वावरात जाऊ?"

भिंत बांधायची की नाही, हे समितीनं ठरवायचं होतं. म्हणून टाय, म्हणून खिचडी.

संडास कोरडा पडला. पोरांना काय, ती कुठंही उभी राहतात. पोरी मधल्या सुट्टीत इंद्रभानच्या बांधाआड जायच्या. निकिताचं घर शाळेसमोरच, ती घरी पळायची. त्यामुळे तिच्या बापाला ह्यातलं काही दिसायचं कारण नव्हतं. त्याला दिसला तो फक्त आपला बांध. एका दुपारी त्यानं बांधावरून ढेकळं मारली. बाकीच्या पोरी पळाल्या. विजयमालाची राखी सातवीतली, सगळ्यांत थोराड. ती बसलेली होती, तिला लवकर उठता आलं नाही. ढेकूळ पाठीत बसलं, ती तशीच कपडे धरून मैदानातून पळाली, आणि भर मैदानात पोरांनी पाहिलं. त्या दिवसापासून राखी शाळेत गेली नाही. हातात विळा घेऊन आईबरोबर सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, जायला लागली.

राखीचा बाप हरीओम इंद्रभानचाच ट्रॅक्टर चालवायचा. तो काहीच बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, आणि गावात असे गप्प बसणारे आम्ही सगळेच होतो, हेही खरं.

विजयमालानं मात्र गुरुजींकडे जाऊन सांगितलं की अध्यक्षासाठी माझं नाव लिहा.

सभेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला हरीओम घरी आला. विजयमाला चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं पाण्याचा तांब्या घेतला, पण प्याला नाही.

"भाऊ म्हनत होते, नाव मांगं घे."

"कोन भाऊ?"

"कोन म्हंजे? इंद्रभानभाऊ."

"तुमचा भाऊ आसंन. माया पोट्टीले ढेकूळ मारनारा माया कोनी नाही."

"तुले भाषन करता येते काय? सही करता येते तं अध्यक्ष व्हाले निघाली. उद्या मले सूचक केलं हाय त्यायनं. त्यायचं नाव मले घ्या लागते सभेत."

भाकरी थापायचे हात थांबले. "तुमी त्याचं नाव घेसान? माया समोर?"

"मंग काय करू? ट्रॅक्टर त्याचा, चाबी त्याची."

"अन् पोट्टी कोनाची हाय?"

हरीओमनं तांब्या खाली ठेवला. "सातवीलोक झाली नं शाळा. वाचता येते, लिवता येते. बस झालं. हात बी चांगला चालते तिचा सोंगनीत." कोपऱ्यात राखी विळ्याला धार लावत बसली होती. तिनं मान वर केली नाही. धारेचा आवाज मात्र वाढला.

त्या रात्री भाकरी करपली, तरी कोणी म्हटलं नाही की करपली.

आता गुत्त्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर फिरलं. आमच्याकडे बाईमाणूस कामाला दोन तऱ्हेनं जातं. एक रोजीनं. रोजीच्या बाईला मालक सांगेल तेव्हा यायचं, मालक सांगेल तेव्हा जेवायचं, बांधावर टेकली तरी मालक खेकसणार. दुसरा गुत्ता. पूर्ण वावराचं काम अंगावर घ्यायचं, मग पहाटे या की दुपारी या, मधे झोपा की गाणी म्हणा, मालकानं फक्त संपलेलं वावर पाहायचं. गुत्त्याची बाई त्या वावरात मालकाच्या बरोबरीची. ह्या एका गोष्टीचा बायांना जो तोरा असतो तो अंगावरच्या दागिन्याचा नसतो. मात्र गुत्ता अर्धा सोडला तर मजुरी बुडाली, हाही रिवाजच.

त्या आठवड्यात आभाळ भरून येत होतं. शेंगा वाळून तडकायला आल्या होत्या. पाऊस पडला असता तर उभं सोयाबीन काळं पडलं असतं. रोजीनं बाया मिळेनात, म्हणून इंद्रभाननं वावर लिलाबाईच्या टोळीला गुत्त्यानं दिलं. लिलाबाई टोळीची मुकादम, विधवा, तोंडाची फटकळ, नातू तिसरीत. टोळीतल्या बहुतेक बायांची पोरं त्याच शाळेत. इंद्रभाननं गुरुजींना सांगून सभा सकाळी अकराची ठेवली. बाया वावरात, आभाळ डोक्यावर, सभेत आपले पुरुष. त्याचा हिशेब चोख होता.

सकाळी बाया आपापली पात, म्हणजे कापायची ओळ, धरून वाकल्या होत्या. सोयाबीनच्या वाळल्या शेंगा हाताला सुयांसारख्या टोचतात, म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना सदरा आणि हातात मोजे. हातमोजे विकत कोण घेतं? शाळेत पोरांना बुटांबरोबर मोजे मिळाले होते, त्यांची टोकं कापून बायांनी हातात चढवले होते. विजयमालाच्या हातात राखीचे मोजे होते. ते कापलेले नव्हते. तिला वाटत होतं, पोरगी कधीतरी परत घालेल.

"लिलाबाई," ती वाकूनच म्हणाली, "अकरा वाजता जरासक चाला न वं शाळेत."

"मले भाषन नको देऊ. आभाय पाह्य वर."

"पोरीयचं..."

"पोरीयचं मले समजते. आमी काय बिनसंडासाच्या मोठ्या नाही झालो? पात सोडून कोनी जाऊन नाही राह्यलं. तुले जा लागते तं जा, तुयी पात दुर्गा धरंन."

दुर्गाबाई पलीकडून म्हणाली, "मी कायले धरू? अध्यक्ष ते होऊन राह्यली, कंबर माई मोडंन."

बाया हसल्या. विजयमालाचं तोंड उतरलं. शेजारच्या पातीत राखी आईकडे न पाहता भराभर कापत पुढं गेली.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. इंद्रभान पांढरा सदरा घालून सभेसाठी तयार होऊन आला होता. आधी राखीकडे पाहिलं.

"हे बेस केलं. शाळेत काय ठेवलं हाय? हात चालते पोट्टीचा." मग विजयमालाच्या हातांकडे त्याची नजर गेली आणि तो मोठ्यानं हसला. "अवं हरीओमची बायको, सरकारनं मोजे पायात घालाले देल्ले, तुमी हातात घालता. इतलं समजत नाही अन् शाळा चालवाले निंगाली?"

विजयमालानं मोज्यातली मूठ आवळली.  बाकीच्यांनी आपापले हात शेंगांत खुपसले, कारण मोजे तर सगळ्यांच्याच हातात होते.

इंद्रभान तेवढ्यावर गेला असता तर आज तो अध्यक्ष असता. पण जिंकणाऱ्या माणसाची जीभ सैल सुटते. गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "अन् आयका वं बायांनो. जेवाची सुट्टी एक वाजता. त्याच्या आंधी बांधावर कोनी दिसली नाही पायजे."

मोटारसायकल गेली. लिलाबाई सावकाश सरळ झाली. कमरेवर हात ठेवून ती बांधाकडे पाहत राहिली.

"काय म्हने तो?"

"एक वाजता सुट्टी म्हने," दुर्गाबाई म्हणाली.

"कोनाले?"

"आपल्याले."

"गुत्त्याच्या बाईले टाइम सांगते?" लिलाबाईचा आवाज चढला. "याच्या बापानं कधी सांगतला होता का? म्या याच्या मायबरोबर सोंगनी केली याच वावरात, तिनं पान्याचा गुंड भरून आनला होता आमच्यासाठी! अन् हा मले सुट्टी सांगते?" तिनं विळा कमरेला खोवला. "चाल वं विजयमाले. कुठीसा हाय तुयी सभा?"

अशी ती टोळी निघाली. पोरींच्या लाजेसाठी नाही, संडासासाठी नाही, विजयमालासाठी तर मुळीच नाही. विजयमालाला ते कळत होतं. पण तहानलेल्यानं पाणी कोणी कोणत्या हातानं दिलं हे पाहू नये.

शाळेच्या व्हरांड्यात पाईपांच्या ढिगाशेजारी सतरंजी टाकली होती. मुख्याध्यापक संघपाल गुरुजी घाम पुसत उभे होते. बदलीचा हंगाम, माणूस सरळ पण भेदरलेला. हरीओम उभा राहून इंद्रभानचं नाव घेत होता. "मी... अध्यक्षपदासाठी... इंद्रभानभाऊचं नाव..." त्याच वेळी फाटकातून बाया आत आल्या. सदरे घातलेल्या, डोक्यावर फडक्याची टापशी, कुसळांनी भरलेल्या. हरीओमला बायको दिसली, तिच्या मागं लेक दिसली, आणि उरलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

"हे काय हो लिलाबाई?" इंद्रभान उठला. "काम टाकून?"

"काम आमचं हाय," लिलाबाई म्हणाली. "गुत्ता हाय. बसा तुमी."

गुरुजींनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. विजयमाला उभी राहिली. रात्रभर जुळवलेलं सगळं विसरली. "पाईप हे पडून हायत," ती व्हरांड्याकडे हात करून म्हणाली. "नाली खंदाची हाय. पोरीयले पानी पायजे. दुसरं काही नाही." आणि बसली. इतकं आखूड भाषण आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं.

"इंद्रभानभाऊसाठी हात वर करा," गुरुजी म्हणाले. पुरुषांचे हात गेले. हरीओमचा हात खांद्यापर्यंत गेला, मग त्यानं त्याच हातानं मान खाजवली. "आता विजयमालाबाईंसाठी." मोज्यातले हात वर झाले. निळे, पांढरे, टोकं कापलेले, बोटं बाहेर आलेले, शाळेचेच मोजे. मोजायची गरज पडली नाही. गुरुजींनी तरी दोनदा मोजले, भीतीनं.

इंद्रभान उठला आणि फोन कानाला लावून मैदानात गेला. फोनवर बोलता बोलता तो हसताना विजयमालानं पाहिलं. हरलेला माणूस हसायला लागला की समजावं, त्याला काही सुचलं आहे.

बाया वावरात परतल्या, अंधार पडेपर्यंत सोंगलं आणि घरी गेल्या. त्यानंतर जऊळक्याकडून हार्वेस्टर आलं. दिवे लावून मैदानातून वावरात शिरलं आणि उरलेलं सोयाबीन कापून मोकळं झालं. सकाळी बाया विळे घेऊन आल्या तर वावर न्हाव्यानं भादरल्यासारखं स्वच्छ. बांधावर इंद्रभान दातात काडी घालून उभा.

"तुमचा गुत्ता तुमी सोडून गेल्या, मी नाही," तो म्हणाला. "अर्ध्या कामाची मजुरी नसते, हे मी का तुमाले सांगाव?"

मधे उठून जायची मुभा होती, पण वावर संपवलं होतं ते मशीननं. रिवाज त्यांचाच होता. मग सगळा राग जिथं उतरायला सोपा तिथं उतरला.

"झालं तुयं समाधान?" दुर्गाबाई विजयमालाच्या अंगावर धावून आली. "आमची कंबर मोडली अन् तू खुर्चीवर! चाट आता ते खुर्ची!"

"मी का म्हटलं होतं मशीन आना?"

"तूच म्हटलं चाला म्हून!" दुसरी ओरडली. कोणीतरी पायाखालचं काड उचलून तिच्याकडे भिरकावलं. लिलाबाई पाठ करून विळा पुसत होती, आणि तेच जास्त लागत होतं.

विजयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि तिला वावरातल्या विहिरीजवळ हार्वेस्टर दिसलं. मशीनवाला दौलतसिंग बाजेवर बसून चहा पीत होता. मशीन आत आलं होतं मैदानातून. बाहेर जाणार होतं मैदानातूनच.

ती तशीच शाळेत गेली, कोठीतून कुदळ आणि पावडं काढलं, आणि जिथं पाईप फुटला होता तिथं वाटेच्या मधोमध पहिला घाव घातला. चाकांनी दाबून दाबून जमीन दगड झाली होती. कुदळ उसळून हाताला झिणझिण्या आल्या. राखी आली, पावडं घेऊन माती ओढू लागली. 

बाया मागोमाग तमाशा पाहायला आल्या. लिलाबाईनं एकदा नालीकडे पाहिलं, एकदा विहिरीजवळच्या मशीनकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर कालपासून पहिल्यांदा हसू आलं.

"किती खोल पायजे वं अध्यक्षबाई?"

"कमरेलोक."

"रोजीनं का गुत्त्यानं?"

"गुत्त्यानं," विजयमाला धापा टाकत म्हणाली.

"मंग सरक तिकडं. अशी खंदतात का नाली? दुर्गे, जाय, घरून टिकास आन."

तासाभरात वाटेला आडवी, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, बाई उभी राहिली तर कमरेपर्यंत बुडेल अशी नाली झाली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, जवळ आला आणि नालीपाशी थांबला.

"ये क्या है सेठ?" दौलतसिंग वरून ओरडला. "मेरे को धनज पहुंचना है. उधर आदमी खड़े हैं मेरे लिए."

इंद्रभान पळत आला. नाली पाहून त्याचा चेहरा काळवंडला. "कोनाले इचारून खंदली?"

"समितीले इचारून," विजयमाला म्हणाली.

"हरीओम! ट्रॅक्टर आन. ब्लेड लाव अन् बुजव हे नाली. आत्ताच्या आत्ता!"

हरीओमनं ट्रॅक्टर आणला. नालीपासून हातभर अंतरावर थांबवला. इंजिन चालूच होतं. खाली नालीत राखी पावडं धरून उभी होती, मातीनं माखलेली. ती बाहेर आली नाही. बापाकडे पाहतही नव्हती, फक्त उभी होती.

"पोट्टी नालीत हाय भाऊ," हरीओम म्हणाला.

"मंग काढ तिले बाहीर!"

हरीओमनं इंजिन बंद केलं. खाली उतरला. चाबी काढून इंद्रभानच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"तुमीच काढा," तो म्हणाला.  "मारा न ढेकूळ. येते तुमाले."

 इंद्रभानचा हात वर गेला, हवेत राहिला आणि खाली आला. दौलतसिंगनं मशीनचा भोंगा वाजवला, परत वाजवला. "सेठ, मेरा टाइम खोटी हुआ तो पैसा आपसे लूंगा."

"काय पायजे तुमाले?" शेवटी इंद्रभान दात आवळून म्हणाला.

"पाईप पडन, पानी येईन, मंग नाली बुजन," विजयमाला म्हणाली.

"अन् आमचे दोन्ही गुत्ते," लिलाबाईनं जोड दिली. "सोंगनीचा अन् नालीचा. बोल गुरुजीसमोर."

खिडकीआड उभे असलेले गुरुजी नाइलाजानं बाहेर आले. इंद्रभान बोलला. बोलावंच लागलं. मग दौलतसिंगच मशीनवरून उतरला आणि व्हरांड्यातले पाईप उचलायला लागला, कारण सगळ्यांत जास्त घाई त्याला होती.

उन्हं उतरताना पाईप जोडून झाला. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. संडासातला नळ आधी खोकला, मग त्यातून गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ आलं. नाली बुजली, मशीन धडधडत मैदानातून गेलं. जाता जाता इंद्रभान थांबला.

"हरीओम, तुयं काम सुटलं. अन् तू," तो विजयमालाला म्हणाला, "माया वावरात तुयी सावली नाही पडली पायजे."

"तुमची वाट शाळेच्या मैदानातून जाते, तवा कोनाच्या सावलीतून जाता, पाह्यजा," ती म्हणाली. तो थुंकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी निकिता पिवळ्या गाडीत चढली, टाय नीट करत.

बाया पांगल्या. हरीओम शाळेच्या पायरीवर बसून राहिला. कामाविना उद्या काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं, आणि विजयमालाही ते सांगू शकत नव्हती. ती नळाखाली हात धूत होती. मोजे ओले होऊन हाताला चिकटले होते. राखी जवळ आली, आईचा हात धरला आणि एक एक करून दोन्ही मोजे ओढून काढले. कुसळांनी भरलेले, बोटांशी माती बसलेले. तिनं ते नळाखाली धरले, पिळले, परत धरले.

"कायले धुतं?" हरीओम पायरीवरून म्हणाला. "वावर तं गेलं न हातचं."

राखीनं मोजे झटकले. "बाबा," ती म्हणाली, "हे पायात घालाचे असतेत."